खोक्यावर ‘देवगड’ सगळेच छापतात

एप्रिलमध्ये पुण्यातल्या कुठल्याही उपनगरात चक्कर मारा. हातगाडी, टेम्पो, डेअरीसमोर मांडलेलं टेबल, सोसायटीच्या गेटपाशी उभी गाडी, सगळीकडे तोच पिवळा खोका आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ‘देवगड हापूस’. त्यातले किती खोके खरोखर आमच्या तालुक्यातून निघाले ते मी सांगू शकत नाही. पण एवढी कलमं देवगडात नाहीत, हे शपथेवर सांगते. कर्नाटकातून येणारा आंबा वरून इतका सारखा दिसतो की माझ्या नवऱ्यालासुद्धा हातात घेऊन, वास घेऊन, क्षणभर थांबावं लागतं. खोका काय, छापखानेवाला कुणालाही छापून देतो.

आमची बाग मिठबावकडे. सासऱ्यांची, त्याआधी त्यांच्या वडिलांची. लग्नाआधी मी कणकवलीला एका पतसंस्थेत कामाला होते, आंब्यातलं मला खाण्यापलीकडे काही कळत नव्हतं. आता बाग नवरा बघतो आणि फोन मी बघते, अशी वाटणी आहे. परवा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायकांनी मला बोलायला बोलावलं. त्या आंबापोळी, कोकम, मालवणी मसाला करतात. विषय दिला होता ‘स्वतःचा ब्रँड कसा तयार करावा’. माईक हातात आल्यावर मी जे बोलले ते मलाच नीट आठवत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

आधी बाबांचं सांगते, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांना ब्रँड हा शब्द आवडत नाही, पण त्यांचा ब्रँड होता. लाकडी पेट्यांच्या काळात प्रत्येक बागायतदाराचा मार्का असायचा. पत्र्याचा साचा ठेवून पेटीच्या फळीवर रंगाने उठवलेली दोन-तीन अक्षरं. वाशीच्या घाऊक बाजारात तो मार्का बघून घेणारा पेटी उघडायच्या आधी भाव बोलायचा, कारण खालच्या थरात बारीक माल भरलेला नसणार याची त्याला खात्री होती. ही पत बाबांनी कित्येक वर्षांत कमावली. फक्त ती वाशीपर्यंतच चालायची. तिथे पेटी फुटली, माल डझनावर आला की मार्का संपला. दादरला किंवा कोथरूडला तो आंबा खाणाऱ्या माणसाला बाबा कोण ते कधीच कळलं नाही. आणि हंगामाआधी दलालाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, असायची, त्यामुळे माल दुसरीकडे द्यायचीही सोय नव्हती. जूनमध्ये पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचे कागद, यायच्या, त्यात हमाली, तोलाई, भाडं वजा होऊन जे उरेल ते आमचं.

2016 मध्ये फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि थेट विकणाऱ्यांच्या मागची एक कटकट गेली. आम्ही त्याच सुमाराला थोडा माल पुण्याला पाठवायला लागलो होतो. पणन मंडळाच्या आंबा महोत्सवात एक गाळाही घेतला. तिथे मला पहिल्यांदा दिसलं की गिऱ्हाईक आंब्यापेक्षा जास्त माझ्या तोंडाकडे बघतं. शेजारच्या गाळ्यावर तोच आंबा, तोच खोका, भाव कमी. तरी काही बायका माझ्याकडे परत आल्या. का, तर मी एकीला सांगितलं होतं, “हा आज घेऊ नका, सत्यनारायण परवा आहे ना, मग हा तोवर तयार होणार नाही.” त्या बाईंनी नंतर आपल्या अख्ख्या बिल्डिंगला माझा नंबर दिला.

तेव्हा बाबांनी मला ऐकवलं होतं, “आंबो चांगलो असलो तर तोच बोलतलो, तू कित्याक बोलतंस?” वाशीत ते खरं होतं, तिथे आंबा ओळखणारी माणसं बसलेली असतात. पुण्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात आंबा बोलतो तो कापल्यावर, पैसे देऊन झाल्यावर.

आता नावाचं. मला बागेच्या नावात ‘देवगड’ हवंच होतं. ट्रेडमार्कचं काम करणाऱ्या वकिलांनी समजावलं की गावाच्या आणि फळाच्या नावावर एकट्याची मालकी मिळत नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव लावता येईल असं संरक्षण, मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर अशा पाच जिल्ह्यांचं आहे. त्यात अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यायची, ती आम्ही केली. पण त्याने मी गर्दीतून वेगळी होत नाही, फक्त खऱ्यांच्या गर्दीत जाते. म्हणून ब्रँडला आजेसासूबाईंचं नाव दिलं. बागेतली जुनी कलमं त्यांनी डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली आहेत, तेव्हा हक्कही त्यांचाच. एका वर्गासाठी ऑनलाइन अर्जाचे 4,500 रुपये सरकारी शुल्क, वैयक्तिक अर्जदाराला एवढंच पडतं. ताजी फळं 31 व्या वर्गात येतात, पल्प 29 व्या. बचत गटातल्या बायकांना मी हेच आधी सांगितलं: लेबल छापायच्या आधी नाव शोधून बघा, दुसऱ्या कुणी घेतलेलं असलं तर सगळी लेबलं चुलीत घालावी लागतील.

2025 च्या हंगामापासून आमच्या तालुक्याच्या आंबा उत्पादक सहकारी संस्थेने प्रत्येक फळावर लावायचा युआयडी स्टिकर, म्हणजे दर फळाला स्वतंत्र क्रमांक, आणला आहे. नोंदणी केलेल्या बागायतदाराला झाडांच्या हिशोबाने स्टिकर मिळतात. गिऱ्हाइकाने स्टिकरचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की मागे लपलेला क्रमांक विचारतात, आणि जुळला तर आंबा कुणाचा, कुठल्या गावचा ते कळतं. चांगली गोष्ट आहे, मी मनापासून वापरते. पण माझं निरीक्षण असं की स्टिकर तपासतात ते बहुतेक नवे लोक. जुने लोक मला विचारतात.

हे ‘मला विचारतात’ कसं झालं, तर व्हॉट्सॲपमुळे. त्यातली एक साधी गोष्ट पुष्कळ जणांना माहीत नसते: ब्रॉडकास्ट यादीतला निरोप ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच पोचतो. तुमच्याकडे हजार नंबर असतील, त्यांच्याकडे तुमचा नसेल तर तुम्ही भिंतीशी बोलताय. आणि ‘कृपया नंबर सेव्ह करा’ म्हटल्याने कुणी करत नाही, आपण तरी करतो का? म्हणून मी खोक्यात एक चिठ्ठी टाकते. त्यावर लिहिलेलं असतं, नंबर सेव्ह करून ‘आढी’ एवढंच लिहून पाठवा, आंबा कसा पिकवायचा ते मी सांगते. आंबा हिरवा पोचतो, माणूस घाबरलेला असतो, त्याला ती माहिती त्याच दिवशी हवी असते. मग माझा आवाज जातो: खोका आल्या आल्या उघडा, आंबे पेंढ्यावर नाहीतर कागदावर एका थरात ठेवा, उन्हात नको, कच्चा असताना फ्रिजमध्ये तर नकोच, रोज हात फिरवा, वास सुटला तरी घाई करू नका, साल जराशी सुरकुतली की खा. हे मी मालवणी हेल काढूनच बोलते. पहिल्या वर्षी मुद्दाम शुद्ध बोलायचा प्रयत्न केला होता, नवरा म्हणाला बातम्या वाचतेस की काय.

आता मला ज्याचं महत्त्व सगळ्यांत जास्त वाटतं ते. नाही म्हणणं.

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत ‘देवगडची पहिली पेटी वाशीला रवाना’ अशी बातमी येते. हार, नारळ, पेटीसोबत फोटो. ज्याची पेटी त्याचं कौतुक व्हायलाच हवं, ऑगस्ट-सप्टेंबरात आलेला मोहर पावसातून जगवणं सोपं नाही. पण ती बातमी आली की माझा फोन सुरू होतो: वहिनी, आला ना आंबा? मी निरोप टाकते, आमचा आलेला नाही, गुढीपाडव्याला थोडा असेल, खरा माल एप्रिलमध्ये. त्या दिवसांत बाजारात काहीतरी ‘हापूस’ मिळतच असतो. नोव्हेंबरपासून आफ्रिकेतल्या मलावीचाही येतो, त्यालाही लोक हापूसच म्हणतात. काही गिऱ्हाइकं जातात तिकडे. पण जी थांबतात ती वर्षानुवर्षं थांबतात. अवकाळी पावसानंतर मी एकदा आठवडाभर विक्री बंद ठेवली. बागेत उभं राहून काळे डाग पडलेली फळं दाखवली आणि म्हटलं, हा सगळा कॅनिंगला जाणार, तुम्हाला पाठवत नाही. त्या आठवड्यात यादीत जेवढी नवी माणसं आली तेवढी भरल्या पेट्यांचे फोटो टाकून कधीच आली नव्हती. याचं कारण मला वाटतं असं: हंगामात ‘घ्या, घ्या’ म्हणणारे पन्नास असतात, ‘आज नको’ म्हणणारा लक्षात राहतो.

साक्याचंही तसंच. साका म्हणजे वरून सुंदर आणि आत कोयीजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. वरून तो ओळखता येत नाही. आंबा झाडावर पूर्ण तयार होईपर्यंत ठेवला तर साका वाढतो, म्हणून आम्ही 14 आणे तयारीला, म्हणजे सोळा आणे पूर्ण व्हायच्या जरा आधी, उतरवतो. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट काढायचा, तापलेल्या कातळावर टाकायचा नाही, लगेच सावलीत न्यायचा. एवढं करूनही काही फळांत निघतोच. बहुतेक विक्रेते हा विषय काढत नाहीत. मी साका असलेला आंबा कॅमेऱ्यासमोर कापला, हे काय आहे आणि का होतं ते सांगितलं, आणि असा निघाला तर कापलेला फोटो पाठवा, पुढच्या खोक्यात भरपाई टाकेन असं म्हटलं. नवऱ्याने कपाळाला हात लावला. फसवणारे काही निघाले, तेच फोटो दोनदा पाठवणारेही. पण ‘आंबा खराब निघाला’ अशा चिडलेल्या फोनऐवजी आता ‘वहिनी, दोन साके निघाले’ असा शांत निरोप येतो. लोकांना शब्दच मिळाला.

इन्स्टाग्रामवर मी आहे, पण हंगामात नसते. हंगामात वेळ कुणाला आहे? मी तिथे दिसते पावसाळ्यापासून: जूनमध्ये खतं, नंतर छाटणी, थंडी पडली की मोहर, तुडतुडे, फुलकिडे, फवारण्यांचा खर्च. फुलकिड्यांनी करपलेल्या मोहराचा एक व्हिडिओ टाकला तेव्हा पुण्याच्या एका आजोबांनी लिहिलं, डझनाचा भाव का वाढतो ते आज कळलं. त्यानंतर त्यांनी भाव कधी विचारला नाही, पत्ता तेवढा पाठवतात.

सल्ले देणारे भेटतात. एका एजन्सीचा मुलगा म्हणाला, ट्रेंडिंग गाण्यावर पेट्या उचलत नाचा. मी त्याला बागेत नेऊन एक भरलेला क्रेट उचलायला लावला. गुगलवर चांगला शेरा लिहिणाऱ्याला अर्धा डझन फुकट द्या असंही एकाने सुचवलं. ते गुगलच्या नियमातही बसत नाही आणि मलाही पटत नाही. गुगलवरची नोंद मात्र जरूर करा. घराचा पत्ता लपवून फक्त कुठे माल पोचवता तेवढं दाखवायची सोय त्यात आहे, एकट्यादुकट्या बाईने ती वापरावी.

या सगळ्याची किंमतही आहे, ती मी बचत गटात बोलले नाही. आपणच ब्रँड झालो की सुट्टी नसते. रात्री अकराला ‘वहिनी, आंबा अजून कडक’ येतं. आमच्या बागेचे आणि माझे फोटो उचलून कुणीतरी पान काढलं आणि लोकांकडून आगाऊ पैसे घेतले. ज्यांनी माझा आवाज ऐकला होता ते फसले नाहीत, कारण समोरचा फोनवर बोलायलाच तयार नव्हता. जे नवे होते ते फसले आणि शिव्या मला बसल्या. तेव्हापासून मी खोका ट्रकवर चढल्याशिवाय पैसे घेत नाही, आणि हे दर पंधरा दिवसांनी सांगत राहते. आणखी एक: मार्चमध्ये मला ताप आला तर आमची विक्री थांबते. बाबांच्या मार्क्याचं असं नव्हतं, ते झोपले तरी पेटी विकली जायची.

म्हणून यंदा मुंबई आणि ठाण्याच्या ऑर्डरी माझी जाऊ बघणार आहे. पिकवण्याचा निरोप तिच्या आवाजात येईल. ती माझ्यापेक्षा कमी बोलते आणि हिशोब माझ्यापेक्षा चोख ठेवते. नंबर तोच आहे. जुन्या यादीतल्यांना पाडव्याआधी कळवू, नव्यांनी ‘आढी’ लिहून पाठवा. आणि सकाळी अकरापर्यंत फोन करू नका, आम्ही दोघी पॅकिंगला असतो.