ग्रुप फोटो जुळवताना आधाराची फ्रेम

लग्नाच्या अल्बममधील मोठा ग्रुप फोटो हा पुष्कळदा एकच फोटो नसतो. पंचवीस-तीस माणसे स्टेजवर उभी राहिली की सर्वांचे डोळे एकाच क्षणी उघडे सापडणे कठीण. म्हणून एकाच जागेवरून पाठोपाठ काही फ्रेम घ्यायच्या आणि नंतर फोटोशॉपमध्ये त्यांतून एक चित्र जुळवायचे, अशी रीत आहे. या कामात वेळ कशात जातो असे विचारले, तर बहुतेक जण मास्किंगकडे, म्हणजे फ्रेमचा नको तो भाग झाकून हवा तेवढाच दाखवण्याच्या कामाकडे, बोट दाखवतात. माझ्या मते वेळ जातो तो आधाराची फ्रेम, म्हणजे जिच्यावर बाकीच्या फ्रेममधले तुकडे बसवायचे ती, चुकीची धरल्यामुळे. मास्किंग लांबते हा त्याचा परिणाम.

ज्या फ्रेममध्ये सर्वाधिक चेहरे चांगले आले आहेत, तीच आधाराला घ्यावी असे सहज वाटते. परंतु मिटलेले डोळे ही यातली सर्वांत सोपी दुरुस्ती आहे. अवघड असतात त्या माणसामाणसांमधल्या कडा: खांद्यावर ठेवलेला मागच्याचा हात, मोकळ्या केसांच्या आड अर्धवट गेलेला फेटा, जाळीदार ओढणीतून दिसणारा शेजारचा शर्ट. आईच्या कडेवरचे मूल ज्या फ्रेममध्ये नीट समोर पाहत आहे ती फ्रेम, दोन-चार चेहरे बिघडलेले असले तरी, मी आधाराला धरतो. कारण मूल बदलायचे म्हटले की त्याच्याबरोबर आईचा हात, तिचा पदर आणि बहुधा शेजारच्याची बाहीही बदलावी लागते.

लाइटरूम या फोटो निवडण्याच्या प्रोग्रॅममध्ये सर्व फ्रेम निवडून 'एन' ही कळ दाबली की त्या शेजारीशेजारी दिसतात. फ्लॅश पुरता चार्ज न झाल्यामुळे काळवंडलेल्या आणि हललेल्या फ्रेम 'एक्स' दाबून आधीच बाद कराव्यात. उरलेल्यांतून आधाराची एक आणि चेहऱ्यांसाठी दोन, एवढ्यांवर बहुतेक ग्रुप निभावतात. या तीन फ्रेम फोटोशॉपच्या फाइल मेनूतील 'लोड फाइल्स इंटू स्टॅक' या स्क्रिप्टने एकाच फाइलमध्ये लेयर म्हणून, म्हणजे एकावर एक थर करून, आणाव्यात आणि तेथेच त्या आपोआप जुळवून घेण्याचा पर्यायही निवडावा, म्हणजे कॅमेरा किंचित सरकला असला तरी त्याचा त्रास होत नाही.

फोटोतला मुख्य विषय आपोआप निवडणारे, 2018 मध्ये फोटोशॉपमध्ये आलेले 'सिलेक्ट सब्जेक्ट' येथे फारसे कामाचे नाही, कारण ते सगळ्या घोळक्यालाच एक विषय समजते. येथे केस कोरत बसण्याचीही गरज नसते. मागचा पडदा आणि झेंडूच्या माळा सर्व फ्रेममध्ये त्याच असतात. त्यामुळे डोक्याच्या बरेच बाहेरून, पडद्यावरून लॅसोने निवडीची सैल रेघ फिरवून, थोडे फेदर देऊन म्हणजे तिची कड मऊ करून मास्क लावला की सांधा पडद्यात मुरतो. खाली मात्र सांधा गळ्याच्या कातडीवर न आणता कॉलरच्या किंवा दागिन्याच्या कडेवर आणावा, कारण मान जराशी वळली तरी हनुवटीची सावली जागा बदलते.

वर-वधूंचे चेहरे बदलताना अडचण येते ती मुंडावळ्यांची. कपाळावरची ओळ जागेवर राहते, पण दोन्ही कानशिलांवरून लोंबणाऱ्या सरी प्रत्येक फ्रेममध्ये वेगळ्या हललेल्या असतात. चेहराच तेवढा आणला तर गालाजवळ सर तुटते किंवा एकाच्या दोन दिसतात. म्हणून सरींच्या टोकापर्यंतचा भाग चेहऱ्यासोबतच आणावा; आणि टोक हारावर टेकत असेल तर हारही घ्यावा. हे सगळे टाळायचे असेल, तर वधू-वर चांगले आलेली फ्रेमच आधाराला घेणे परवडते, मग कडेवरच्या मुलाशी झगडावे लागले तरी चालेल.

प्रिंटला पाठवण्यापूर्वी मी खांद्यांवरचे हात पाहून घेतो. खांद्यावर चार बोटे आहेत आणि मागे ती कोणाचीच नाहीत, असा प्रकार स्क्रीनवर सहज निसटतो. 12 बाय 36 इंचांच्या पानावर मात्र तो घरातल्या मुलांना सर्वांत आधी दिसतो.