चिपर घेताना: टायरवाला की चेनवाला?

फांद्या मशीनपर्यंत ओढायच्या, की मशीन फांद्यांपर्यंत न्यायचं? चिपर, म्हणजे फांद्यांचे बारीक तुकडे (चिप्स) करणारं मशीन, घेण्याआधी एवढं ठरलं की निम्मं काम झालं. इथे सहा इंची चिपर धरलाय, म्हणजे साधारण 150 मिमी जाडीची फांदी घेणारा, 25 ते 35 हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाचा.

या वर्गातला टायरवाला, म्हणजे गाडीमागे ट्रेलरसारखा ओढायचा, बहुतेक वेळा 750 किलोच्या आत असतो. ब्रिटन आणि युरोपात तेवढ्या वजनापर्यंतच्या ट्रेलरला स्वतःचा ब्रेक लागत नाही, म्हणून तिथले उत्पादक मशीन मुद्दाम त्या आकड्यात बसवतात. तेच इंजिन आणि तेच ब्लेड चेनवर, म्हणजे रणगाड्यासारख्या रबरी पट्ट्यांवर, चढवलं की वजन सव्वा टनाच्या घरात जातं. हायड्रॉलिक मोटरी, रोलर, खालची चौकट असं सगळं त्यात वाढतं. आणि चेनवाला रस्त्यावर स्वतः जात नाही. त्याचा वेग माणसाच्या चालण्याएवढा, शिवाय डांबरावर वळवला की रबर खरवडून निघतं. म्हणजे तो प्रत्येक वेळी गाडीत चढवायचा. टाटा एसची क्षमता पाऊण टन, ती बादच. 1.3 टनी पिकअप एकट्या मशीननेच भरते. हौदा जमिनीपासून 80 सेंमी उंच असेल तर 15 अंशांच्या चढासाठी रॅम्प तीन मीटरहून थोडा लांब हवा. जागा नाही म्हणून दोन मीटरचा रॅम्प लावला की चढ 24 अंशांवर जातो आणि वरच्या टोकाला मशीन डुलायला लागतं. रॅम्प हौद्याला हुकने किंवा साखळीने बांधलेला नसेल तर तो मागे सरकतो. अपघात इथेही होतात, फक्त फांदी घालतानाच नव्हे.

टायरवाल्याचा मोठा फायदा कोटेशनमध्ये दिसत नाही. जी गाडी त्याला ओढते तिच्याच हौद्यात चिप्स पडतात. रस्त्याकडेच्या पर्जन्यवृक्षाची किंवा गुलमोहराची छाटणी असेल तर दुसऱ्या गाडीचा खर्च वाचतो. टर्नटेबलवाला मिळाला तर उत्तमच: तोंड फुटपाथकडे फिरवायचं, म्हणजे माणसं वाहतुकीत उभी राहत नाहीत. फक्त बाहेरून आलेल्या मशीनला 50 मिमी गोळ्यावर बसणारं कपलिंग असतं आणि आपल्या ट्रॅक्टरला पिनचा हुक. फॅब्रिकेटरकडून कडी बदलून घेताना पिन ढिली ठेवू नका, प्रत्येक गतिरोधकावर झटका दांड्याच्या वेल्डिंगला बसतो. ट्रेलर म्हणून नोंदणी कशी करायची ते पैसे देण्याआधीच आरटीओत विचारा. काम करताना मशीन गाडीपासून सोडलं असेल तर हँडब्रेक, दोन्ही चाकांना अडण्या आणि पुढचा-मागचा टेकू, हे सगळं लागतं. नाहीतर थरथरीने मशीन हळूहळू सरकत राहतं.

मग चेनवाला कशासाठी? जमिनीवर पडणाऱ्या भारासाठी. टायर जमिनीला साधारण आपल्या हवेच्या दाबाएवढंच दाबतो. 35 पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास अडीच किलो. सव्वा टनाचं मशीन 23 सेंमी रुंद आणि 120 सेंमी टेकणाऱ्या दोन चेनवर उभं केलं तर हाच आकडा पाव किलोच्याही खाली येतो. वजन जास्त, तरी दाब दहावा हिस्सा. ओली लॉन, बागेतली भुसभुशीत माती, कोकणातल्या उतारावरची आंब्याची कलमं अशा ठिकाणी हे कामी येतं. अरुंद चेनवाला सोसायटीच्या मागच्या फाटकातूनही जातो, पण खाली पार्किंग असलेल्या पोडियमवर नेण्याआधी स्लॅबला किती भार चालतो ते विचारा.

आता मजुरीचा हिशोब. बाग उतारावर, गाडी 60 मीटरवर. एक भारा ओढून परत यायला तीन मिनिटं धरली तर 150 भाऱ्यांना साडेसात तास, म्हणजे एका माणसाचा दिवस नुसता ओढण्यात. अशी कामं आठवड्यातून तीन-चार असतील तर चेनवाला परवडतो. महिन्यातून एखादं असेल तर भाड्याने आणा. बागेत दुसरी सोयही होते: चिप्स बाहेर न्यायच्या नाहीत, झाडाखालीच दोन-तीन इंचाचा थर द्यायचा, खोडापासून फूटभर जागा मोकळी सोडून.

पण चेन म्हणजे कुठेही जाता येतं असं नाही. जांभ्याच्या कडा रबर कापतात. काळ्या मातीत पाऊस झाल्यावर चिखल रोलर आणि चेनमध्ये गच्च बसतो, चेन ताणली जाते आणि वळताना उतरते. काळ्या रानात वाफसा नसेल तर दोन्ही मशीन घरीच ठेवा. उतारावर सरळ वर किंवा सरळ खाली चालवा, आडवं नाही, कारण इंजिन आणि चिमणीमुळे वजन उंचावर असतं. किती अंशांत चालेल हे इंजिनावरही अवलंबून आहे: जास्त कललं की तेलाचा पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जातात.

चेनची झोळ मधल्या रोलरपाशी मोजायची. साधारण 10 ते 20 मिमी, नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात असतो. बऱ्याच मशीनना ताण ग्रीसने दिलेला असतो. ढिला करताना व्हॉल्व्ह सावकाश फिरवा आणि तोंडासमोर उभं राहू नका, ग्रीस जबर दाबाने बाहेर येतं. स्प्रॉकेटभोवती (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाभोवती) गुंडाळलेली तार आणि नायलॉनची दोरी रोज काढा. तीच फायनल ड्राइव्हचं, म्हणजे त्या चाकाला फिरवणाऱ्या गिअरचं, सील कापते.

आपल्याकडच्या बऱ्याच बागायतदारांना खरं तर दोन्हींची गरज नाही. 40-45 हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर दारात असेल आणि जमीन सपाट असेल तर थ्री पॉइंटवर (ट्रॅक्टरमागच्या तीन दांड्यांच्या जोडणीवर) बसणारा, पीटीओवर (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या मागच्या शाफ्टवर) 540 आरपीएमला चालणारा चिपर घ्या. वेगळं इंजिन नाही, वेगळे टायर नाहीत. पीटीओ शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर मात्र काढू नका, आणि शिअर बोल्ट (जास्त भार आला की मुद्दाम तुटणारा बोल्ट) तुटला की त्याच ग्रेडचा घाला, हाताला लागेल तो नाही.

नारळाच्या झावळ्या हेच मुख्य काम असेल तर मशीन विकणाऱ्याला तिथेच दहा झावळ्या घालून दाखवायला सांगा. धागे फीड रोलरच्या (फांदी आत ओढणाऱ्या रोलरच्या) टोकांना गुंडाळतात, आणि तो भाग किती बोल्ट काढल्यावर मोकळा होतो हे बघून घ्या.

जुना चेनवाला बघताना तो मोकळ्या जागेत दहा मीटर सरळ चालवा. एका बाजूला ओढत असेल तर मोटर किंवा ताणात फरक आहे. स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकलेले असतील, किंवा मोटरखाली ओला डाग असेल, तर दुरुस्तीचा अंदाज काढल्याशिवाय किमतीवर बोलू नका.