चार स्टार देणारे पाहुणे आणि ४.८ मागणारी कंपनी: माझा अनुभव

सुट्टीसाठी भाड्याने देत असलेल्या आमच्या छोट्या घराचे सरासरी मानांकन ४.६ वर आले असून त्याला मिळालेला ‘विशेष यजमान’ हा बिल्ला काढून घेतला जात आहे, आणि सरासरी आणखी खाली गेल्यास घराची नोंद स्थगित होऊ शकते, असे कंपनीने मला ई-मेलने कळवले. मी ज्या संकेतस्थळामार्फत घर देते ते फार मोठे नाही आणि त्याचे नाव इथे महत्त्वाचेही नाही, कारण हा प्रश्न या व्यवसायात सगळीकडे सारखाच आहे. पाचपैकी ४.६ म्हणजे शंभरपैकी ९२. इतके गुण मिळवणाऱ्या घराला इशारा का मिळतो, हे समजून घेतल्याशिवाय उत्तर लिहायचे नाही, असे मी ठरवले आणि जुन्यातले जुने अभिप्राय काढून वाचायला बसले.

वाचल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी की, सरासरी खाली ओढणाऱ्या बहुतेक पाहुण्यांची काहीही तक्रार नव्हती. एका बाईंनी लिहिले होते की घर अतिशय स्वच्छ होते, चादरी धुतलेल्या आणि कोरड्या होत्या, किल्ली सांगितल्या जागी सांगितल्या वेळेला मिळाली आणि पुढच्या सुट्टीत त्या बहिणीलाही घेऊन येणार आहेत. या मजकुराच्या वर चार स्टार होते. स्वच्छता, संपर्क, चेक-इन अशा प्रत्येक उपविभागात मात्र त्यांनी पाच दिले होते. एकूण मानांकन हे उपविभागांची सरासरी काढून तयार होते असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात आमच्या संकेतस्थळावर, आणि घरे भाड्याने देणाऱ्या एअरबीएनबी या मोठ्या संकेतस्थळावरही, एकूण स्टार पाहुण्याने स्वतंत्रपणे द्यायचे असतात, आणि कंपनी सर्वाधिक वजन त्या एकाच आकड्याला देते.

मी त्या बाईंना संदेश पाठवला. दिलेले मानांकन बदलावे असा माझा अजिबात आग्रह नाही, फक्त पुढच्या पाहुण्यांसाठी काय कमी पडले ते कळले तर बरे होईल, असे त्यात स्पष्ट लिहिले. त्यांचे उत्तर मी आजही जपून ठेवले आहे. “ताई, कमी काहीच नव्हते. पण पाच स्टार म्हणजे पंचतारांकित. तिथे लिफ्ट असते, चोवीस तास माणूस हजर असतो. साध्या घराला मी चार दिले म्हणजे भरभरूनच दिले की!” दुसऱ्या एका गृहस्थांनी कळवले की पूर्ण गुण ते कशालाच देत नाहीत, सुधारणेला जागा ठेवावी असे त्यांना वाटते. तिसऱ्याने नुसता फॉर्मचा स्क्रीनशॉट पाठवला. त्यात चौथ्या स्टारवर बोट ठेवले की खाली ‘चांगले’ असा शब्द उमटत होता. घर त्यांना चांगले वाटले होते, म्हणून त्यांनी ‘चांगले’ निवडले होते. यात त्यांचे काय चुकले, असे कंपनीने विचारले असते तर मला एकही दोष दाखवता आला नसता.

त्या बाईंच्या उत्तरात फार मोठा मुद्दा आहे, आणि व्यवसायातली माणसे तो हसण्यावारी नेतात याचे मला वाईट वाटते. हॉटेलांचे तारे ही सोयींची प्रतवारी असते. युरोपात २००९ मध्ये अनेक देशांच्या हॉटेल संघटनांनी मिळून ‘हॉटेलस्टार्स युनियन’ स्थापन केली आणि समान निकष ठरवले. त्यात खोलीत काय आहे, स्वागतकक्ष किती वेळ उघडा असतो, अशा गोष्टी मोजल्या जातात. फ्रान्समध्ये सुट्टीसाठी भाड्याने देण्याच्या सुसज्ज घरांनाही एक ते पाच असे अधिकृत तारे मिळतात, ते प्रत्यक्ष पाहणी करून दिले जातात आणि पाच वर्षे टिकतात. अशा पद्धतीत दोन तारे मिळालेले घर वाईट ठरत नाही. ते दोन ताऱ्यांच्या सोयींचे घर असते आणि त्या वर्गात ते उत्तमही असू शकते. मिशेलिनच्या उपाहारगृहांच्या मार्गदर्शिकेत तर एक तारा हाच मोठा सन्मान आहे. म्हणजे ताऱ्यांकडे सन्मान म्हणून किंवा दर्जा म्हणून पाहण्याची सवय ग्राहकाला फार जुनी आहे, आणि ऑनलाइन कंपन्यांनी तेच चिन्ह उचलून त्याच्याकडून अगदी वेगळे काम करून घ्यायला सुरुवात केली. बुकिंग डॉट कॉमने निदान एवढे केले आहे की पाहुण्यांचे गुण दहापैकी घ्यायचे आणि घरांची सोयींनुसार प्रतवारी छोट्या चौकोनांनी वेगळी दाखवायची. ही विभागणी मला योग्य वाटते.

त्यानंतर मी कंपनीची बाजू समजून घेतली. कस्टमर केअरमधल्या मुलीने शांतपणे आणि प्रामाणिकपणे सांगितले, “मॅडम, आमच्या सिस्टीममध्ये चार म्हणजे पाहुण्याची अपेक्षा पूर्ण झाली नाही.” ऐकायला हे कठोर वाटते, पण त्यामागे हिशेब आहे. कंपनीला घराचे कौतुक करायचे नसते. हा पाहुणा परत येईल का, पैसे परत मागेल का, दुसरीकडे जाईल का, याचा अंदाज तिला हवा असतो. फ्रेड रायकेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेली आणि पुढे असंख्य कंपन्यांनी स्वीकारलेली ग्राहकनिष्ठेची मोजणी याच विचाराची आहे. तिच्यात ० ते १० पैकी ९ किंवा १० देणारेच समर्थक धरले जातात, ७ आणि ८ देणारे तटस्थ समजले जातात आणि ६ किंवा त्याहून कमी देणारे सगळे नाराज गटात जातात. ग्राहकाच्या मते दहापैकी आठ म्हणजे शाबासकी. कंपनीच्या तक्त्यात तो माणूस कोणत्याच बाजूचा नसतो.

शिवाय सगळी मानांकने वरच्या टोकाला दाटलेली असतात. बोस्टन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरील लाखो घरांचा अभ्यास केला, तेव्हा सुमारे ९५ टक्के घरांची सरासरी ४.५ किंवा ५ स्टार असल्याचे आणि ३.५ च्या खाली जवळपास कोणीच नसल्याचे त्यांना आढळले. त्याच अभ्यासात ट्रिपअ‍ॅडव्हायझर या प्रवाशांच्या अभिप्रायांच्या संकेतस्थळावरील हॉटेलांची सरासरी ३.८ होती. यजमानाशी ओळख झालेली असते, त्याच्या घरात आपण राहिलेलो असतो, तोही आपल्याबद्दल लिहिणार असतो, त्यामुळे हात आखडता घेऊन गुण देणे बहुतेकांना जड जाते. सगळे इतके वर असले की कंपनीपुढे फरक करायला एक-दोन दशांशच उरतात, आणि म्हणून एअरबीएनबी ‘सुपरहोस्ट’ हा तिथला असाच बिल्ला मिळण्यासाठी गेल्या ३६५ दिवसांची सरासरी किमान ४.८ मागते आणि दर तीन महिन्यांनी ती तपासते. आमच्या संकेतस्थळानेही बिल्ल्यासाठी तोच आकडा धरला होता.

हा आकडा मी कागदावर मांडून पाहिला, आणि ज्यांना हा व्यवसाय करायचा आहे त्या प्रत्येकाने तो एकदा मांडावा असे मला मनापासून वाटते. ४.८ राखायचे असेल तर चार स्टारच्या एका अभिप्रायाची भरपाई करायला पाच स्टारचे चार अभिप्राय लागतात. तीन स्टार मिळाले तर नऊ, दोन मिळाले तर चौदा आणि एकच स्टार मिळाला तर एकोणीस. म्हणजे दर पाच पाहुण्यांपैकी एकाने समाधानाने चार दिले तरी घर बरोबर काठावर उभे राहते आणि त्यानंतर एकाही नाराज माणसाला जागा उरत नाही. वर्षातून मोजकेच महिने भरणाऱ्या घराला चौदा अभिप्राय मिळायला किती काळ लागेल, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही.

या हिशेबामुळेच मी दोन स्टारच्या एका अभिप्रायावर हरकत घेतली. त्या पाहुण्याने घराबद्दल एक ओळही लिहिली नव्हती. त्याचे पैसे पेमेंटमध्ये अडकले होते, परतावा उशिरा आला होता आणि तो राग त्याने मानांकनात काढला होता. पैशांचा सगळा व्यवहार कंपनीच्या हातात असतो, यजमानाच्या नाही. पहिल्या वेळी ‘अभिप्राय आमच्या धोरणात बसतो’ असे ठरावीक उत्तर आले. मग मी कंपनीचे धोरण नीट वाचले. अभिप्राय प्रत्यक्ष मुक्कामाशी संबंधित असला पाहिजे, असे वाक्य त्यात होते. ते वाक्य, अभिप्रायाचा मजकूर, बुकिंगच्या तारखा आणि पाहुण्याशी झालेला संकेतस्थळावरचाच संवाद, एवढेच जोडून मी पुन्हा अर्ज केला. अन्याय, मेहनत, घरची परिस्थिती यांतले काहीही लिहिले नाही. तो अभिप्राय काढण्यात आला. हरकत घेताना पाहुणा चुकीचा होता असे सिद्ध करत बसू नये. कंपनीचा कोणता नियम लागू होतो एवढेच दाखवावे, कारण समोरचा कर्मचारी निर्णय नियमाच्या आधारेच देऊ शकतो.

बसथांब्यापासूनच्या चढावामुळे तीन स्टार देणाऱ्या कुटुंबाबद्दल मात्र मी हरकत घेतली नाही. नकाशात अंतर बरोबर होते, पण चढ दिसत नव्हता, आणि त्यांच्याबरोबर गुडघे दुखणाऱ्या आजी होत्या. त्यांचा अनुभव खरा होता. त्या अभिप्रायाखाली मी जाहीर उत्तर दिले, त्यात चढ किती आहे आणि सामानासाठी कोणती सोय होऊ शकते ते लिहिले, आणि नंतर घराचे वर्णन मुळापासून नव्याने लिहून काढले. पायऱ्यांचा आणि रस्त्याचा फोटो पहिल्या पाचांत घेतला. ‘आरामदायी’, ‘आलिशान’ असले शब्द काढून टाकले. लिफ्ट नाही, शेजारी कोणी चोवीस तास हजर नसते, दुसऱ्या खोलीत फक्त पंखा आहे, असे सरळ लिहिले. पायऱ्यांवर एक जास्तीचा दिवा बसवण्यापलीकडे घरात काहीच बदलले नाही. तरी नंतर येणारे अभिप्राय बदलले. पाहुणा घराची तुलना वर्णन वाचून डोळ्यांपुढे आणलेल्या घराशी करतो, त्या कल्पनेत आणि वास्तवात अंतर कमी असेल तर स्टार वाढतात, आणि हे अंतर कमी करणे पूर्णपणे यजमानाच्या हातात आहे. चौकशा थोड्या कमी झाल्या हे खरे आहे, परंतु ज्यांना चढ झेपणार नाही त्यांनी आधीच दुसरे घर निवडणे हे त्यांच्याही हिताचे आहे.

काही यजमान घरात दाराजवळ तक्ता लावतात: पाच म्हणजे सगळे ठीक, चार म्हणजे मोठी अडचण, तीन म्हणजे घर बंद होईल. मला तसा सल्ला अनेकांनी दिला आणि मी तो विचारपूर्वक नाकारला. पैसे देऊन राहायला आलेल्या माणसावर आपल्या उपजीविकेचे ओझे टाकून त्याचे मत वळवणे मला योग्य वाटत नाही, आणि एकदा तसे केले की पुढच्या पाहुण्याला त्या पाच स्टारमधून काहीच कळत नाही. त्याऐवजी मी पहिल्या रात्रीनंतर सकाळी एक संदेश पाठवते: काही कमी असेल, गरम पाणी येत नसेल, उशी हवी असेल तर आत्ताच सांगा. मुक्काम संपल्यावर कळलेली अडचण दुरुस्त करण्याचा काहीच उपयोग नसतो.

पुढे चार स्टार देणाऱ्या त्या बाईंशी पुन्हा बोलणे झाले तेव्हा त्यांनी सहज सांगितले की स्वतः घर शोधताना त्या ४.५ च्या खालची घरे उघडूनही पाहत नाहीत. स्टार देताना चार म्हणजे भरभरून, आणि निवडताना ४.४ म्हणजे काहीतरी गडबड असणार. त्यांना मी दोष देत नाही. देताना माणूस आपल्या एका मुक्कामाबद्दल बोलतो आणि निवडताना यादीतल्या घरांची एकमेकांशी तुलना करतो. या दोन कामांसाठी एकच पट्टी वापरायची असेल, तर ती पट्टी कशी वाचली जाणार आहे हे देणाऱ्याला सांगणे कंपनीचे कर्तव्य आहे, कारण मर्यादा तिनेच ठरवलेली आहे आणि ती फक्त यजमानाला दिसते.

पुढच्या आढाव्यात आमची सरासरी पुन्हा मर्यादेवर गेली आणि बिल्ला परत मिळाला. त्यानंतर मी कंपनीला लेखी तीन मागण्या कळवल्या: चौथ्या स्टारखालचा ‘चांगले’ हा शब्द ठेवायचा असेल तर चार स्टारवरून इशारे देणे थांबवावे, सोयींची प्रतवारी आणि पाहुण्याचे समाधान वेगवेगळे विचारावे, आणि कमी मुक्काम असलेल्या घरांचा आढावा घेताना सरासरीबरोबर अभिप्रायांचा मजकूरही माणसाने वाचावा. विषय संबंधित विभागाकडे पाठवला आहे, एवढे उत्तर आले आहे. फॉर्म अजून तसाच आहे, म्हणून प्रत्येक आढाव्यानंतर येणाऱ्या सर्वेक्षणात मी याच तीन मागण्या पुन्हा लिहिते, आणि ओळखीतल्या इतर यजमानांनाही त्या आपापल्या शब्दांत लिहायला सांगते.