९६० चा हट्ट

परवा आईचा फोन. "अरे, तुझं ते नवीन लिहिलेलं वाचतेय पण प्रत्येक ओळ अर्धीच दिसतेय, बोटाने सारखं सरकवावं लागतंय, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला की काय?" चष्मा ठीक होता, माझं सीएसएस (पान कसं दिसावं ते ठरवणारा कोड) गंडलं होतं.

झालं असं की ब्लॉगचं टेम्प्लेट मी कॉलेजात असताना बनवलेलं, तेव्हा सगळीकडे ९६० पिक्सेल रुंद पानाचं फॅड. १०२४ च्या मॉनिटरवर स्क्रोलबार धरूनही बसायचं, आणि २, ३, ४, ६, १२ कशानेही भाग जातो म्हणून कॉलम पाडायला सोपं. मीही विड्थ ९६० ठोकून दिली आणि विसरलो. मागच्या महिन्यात व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग टाकला, म्हणजे 'पान फोनच्याच रुंदीने मांड' असं ब्राउझरला सांगणारी ओळ. तोवर फोन बिचारा अख्खं पान बारीक करून का होईना दाखवत होता, तेही बंद पडलं. आईच्या फोनची रुंदी ३६० सीएसएस पिक्सेल, उरलेले ६०० पडद्याबाहेर!

म्हटलं सोपंय, विड्थ १०० टक्के करू. केली. तरी पान जरासं हलतंच. ब्राउझरचा इन्स्पेक्टर (पानावरच्या चौकटींची मापं दाखवणारं साधन) उघडला तर बॉक्स ४०० चा, ३६० अधिक दोन्ही बाजूंचं २०-२० पॅडिंग, म्हणजे मजकूर आणि चौकटीची कड यांच्यामधली मोकळी जागा. डिफॉल्टला विड्थ म्हणजे फक्त आतल्या मजकुराची, पॅडिंग आणि बॉर्डर वरून लागतात, हे माहीत असूनही दर वेळी माझा तासभर खातं. बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स केलं, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डरही विड्थमध्येच धरली, मिटलं. खरं तर साध्या डिव्हला (पानावरच्या साध्या चौकटीला) विड्थ द्यायचीच नाही, तो आपणहून मिळेल तेवढी जागा घेतो आणि पॅडिंगही त्यातच बसवतो.

मग ऑफिसच्या मॉनिटरवर बघितलं तर ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत, वाचताना मान फिरवावी लागतेय. मॅक्स-विड्थ ७०० आणि मजकूर मधोमध राहावा म्हणून मार्जिन ऑटो. जागा कमी असली की आक्रसतं, जास्त असली की ७०० ला थांबतं.

आता फिक्स विड्थ वाईटच असं नाही हां. आयकॉनला खुशाल २४ द्या. साइडबारला मी २४० दिलेत ते तसेच ठेवलेत, फक्त फ्लेक्स (चौकटी शेजारी-शेजारी मांडायची सीएसएसची पद्धत) त्यालाही चेपत होता म्हणून फ्लेक्स-श्रिंक शून्य केलं. पण मजकूर आला की पिक्सेल मोजून देणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा. बटणावर इंग्रजीत 'सेंड' होतं तेव्हा ८० पिक्सेल दिलेले, मराठीत 'प्रतिक्रिया पाठवा' लिहिलं तर दोन ओळी झाल्या आणि 'पाठवा' चौकटीच्या खाली लोंबायला लागलं, कारण हाइटपण शहाण्याने ३२ फिक्स केली होती! दोन्ही काढून टाकल्या, पॅडिंग तेवढं ठेवलं, आता बटण शब्दाच्या मापाने वाढतं.

आईला परत उघडायला सांगितलं. म्हणाली, "हां आता दिसतंय, पण अक्षर जरा मोठं कर की."

बसतो रविवारी.