उत्तर स्पेन कॅम्परव्हॅनने: पोतेस ते सांतांदेर, परतीचे दिवस

उत्तर स्पेनला व्हॅन घेऊन जाणारे बरेच जण शेवटचे दिवस नुसते ड्रायव्हिंगमध्ये घालवतात, म्हणजे वायव्येला गालिसियाच्या टोकापर्यंत जायचं आणि मग एका दमात ब्रिटनला परतणारी फेरी बोट गाठायला पळत सुटायचं. माझं ऐकाल तर तसं करू नका. फेरी सांतांदेर बंदरातून असेल तर शेवटचे चार-पाच दिवस त्याच्याच प्रांतासाठी, कान्ताब्रियासाठी ठेवा. डोंगरातल्या पोतेस गावाहून सांतांदेर जेमतेम 110 किमी, आणि तेवढ्या पट्ट्यात डोंगर, समुद्र, गुहा सगळं आहे, शिवाय हवा बिघडली तर प्लॅन मागेपुढे करता येतो, आणि हवा बिघडतेच.

शेजारच्या आस्तुरियास प्रांताकडून आलात तर ए-8 हायवे धरा, टोल नाही. उंकेराला बाहेर पडायचं. तिथे बेकरीसमोर थांबून 'कोर्बातास' घ्या, टायसारखा पीळ दिलेली, वर साखरेचा थर असलेली पफ पेस्ट्री, आपल्या खारीची गोड बहीणच म्हणा ना. आमचं खोकं पोतेस यायच्या आत रिकामं झालं होतं.

उंकेरानंतर एन-621 लागतो आणि मग ला एर्मिदाची घळ. वीसेक किलोमीटर एका बाजूला देवा नदी, दुसऱ्या बाजूला सरळसोट कडा, आणि काही ठिकाणी तो कडा रस्त्यावरच वाकलेला. आमच्या समोरून टुरिस्ट बस आली तेव्हा बायकोने तिच्या बाजूचा आरसा हाताने दुमडला, बसवाला मात्र गाणं ऐकत आरामात निघून गेला. उंच व्हॅन असेल तर फार कडेला चिकटू नका, रुंद जागा बघून थांबा आणि समोरच्याला जाऊ द्या. अंधारात हा रस्ता करू नका, भीतीमुळे नाही, दिसणार काहीच नाही म्हणून.

पोतेस छान गाव आहे पण खरं आकर्षण पुढे 23 किमीवर, फुएंते देचा रोपवे. मध्ये एकही खांब नाही, चारेक मिनिटांत 753 मीटर चढून 1,823 मीटरवर. पोटात गोळा येतो. इथे दोन गोष्टी. एक, ऑगस्टमध्ये तासनतास रांग असते म्हणून तिकीट ऑनलाइन काढा आणि सकाळची पहिली वेळ घ्या. दुसरी, निघायच्या आधी वरचा वेबकॅम बघा. खाली लख्ख ऊन आणि वर ढगात काही दिसत नाही, किंवा नेमकं उलटं, असं तिथे नेहमीचं आहे. आम्हाला दुसरं मिळालं, खाली दरीत ढगांची दुलई पसरलेली आणि आम्ही वर उन्हात. पाय धड असतील तर परतीचं तिकीट न काढता आलिवाच्या कुरणांतून चालत उतरा, साधारण 14 किमी आहे, बहुतेक उतारच पण गुडघे बोलतात.

खाण्याचं सांगतो कारण शाकाहारी लोक हमखास विचारतात. इथले नावाजलेले पदार्थ, लेबाना (म्हणजे पोतेसचा परिसर) इथला हरभऱ्यांचा कोसिदो काय किंवा शेजारच्या आस्तुरियासची शेंगदाण्यांची नव्हे, पांढऱ्या घेवड्याची फाबादा काय, दिसायला उसळ पण आत डुकराचं मांस असतंच. 'सिन कार्ने' (मांसाशिवाय) म्हटलं तरी हॅमचे तुकडे येऊ शकतात, त्यांच्या हिशेबी ते मांसात धरत नाहीत बहुतेक. तोर्तिया (बटाट्याचं ऑम्लेट), चीज, पाव आणि व्हॅनमधली खिचडी, यावर आमचं निभावलं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन, रात्रीचं नऊच्या पुढे, मध्ये किचन बंद. आणि रविवारी मोठी सुपरमार्केट्स बहुतेक बंदच, शनिवारीच सामान भरा.

खाली समुद्राकडे आल्यावर कोमियासला वास्तुविशारद गाउदीचं एल काप्रिचो हे घर बघितलं, त्याने तरुणपणी आखलेलं, 1883 ते 85 मध्ये बांधलेलं, भिंतीवर सूर्यफुलांच्या टाइल्स. तासाभरात होतं. अल्तामिराला, आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेला, मात्र अर्धा दिवस द्या. मूळ गुहा सर्वसामान्यांसाठी बंद आहे, बाजूला 2001 मध्ये उघडलेली हुबेहूब प्रतिकृती बघायची. नकली बघायला कशाला जायचं असं मलाही वाटायचं, पण छताच्या फुगवट्यांवरच बायसनची अंगं बेतलेली आहेत ते मान वर करून बघितलं की फोटोत काहीच कळलं नव्हतं हे समजतं. 1879 मध्ये साउतुओला या हौशी संशोधकाच्या लहान मुलीला ही चित्रं पहिल्यांदा दिसली, ती प्राचीन आहेत म्हणणाऱ्या बापाला तज्ज्ञांनी खोटारडा ठरवलं आणि 1902 मध्ये चूक कबूल केली तोवर तो बिचारा वारला होता. तिकीट 3 युरो, शनिवारी दुपारी 2 नंतर आणि रविवारी फुकट, सोमवारी बंद.

मुक्कामाचं: स्पेनमध्ये पार्किंग आणि कॅम्पिंग यात फरक करतात. व्हॅन नुसती चाकांवर उभी, बाहेर खुर्ची-टेबल-छत्री काही नाही, पाणी सांडत नाही, तर ते पार्किंग. खुर्ची बाहेर काढली की कॅम्पिंग, मग दंड होऊ शकतो. स्थानिक पाट्या वेगळ्या असतील तर त्या पाळा. शेवटची रात्र एखाद्या व्यवस्थित कॅम्पसाइटवर काढा, टॉयलेटची कॅसेट (मैल्याची काढता येणारी टाकी) आणि सांडपाण्याची टाकी तिथेच रिकामी करून घ्या, नाहीतर फेरीवर दिवसभर तो वास बंद व्हॅनमध्ये मुरतो आणि घरी कॅसेट उघडायचं काम कोणाचं यावर वाद.

सांतांदेरचं फेरी टर्मिनल अगदी शहरात आहे, चेक-इनच्या आधी सेंत्रो बोतीन या कलाकेंद्राच्या बाहेर फिरून येता येतं. डिझेल आधीच फुल करा, ब्रिटनपेक्षा स्वस्त पडतं. गॅस सिलिंडर बंद करा, व्हॅनचा अलार्म बंद करा, आणि औषधं, स्वेटर, चार्जर एका पिशवीत वर न्या कारण बोट सुटली की कार डेकवर जाऊ देत नाहीत. केबिन घ्या, बिस्केचा उपसागर हलवून काढतो.

चीज आणि हॅम घरी न्यायचा विचार असेल तर विसरा, 12 एप्रिल 2025 पासून युरोपातलं दूध-चीज आणि गाय, डुक्कर, मेंढी, बकरीचं मांस प्रवाशांना ग्रेट ब्रिटनमध्ये आणता येत नाही. आम्ही काब्रालेसचं उरलेलं उग्र वासाचं चीज बोटीवरच संपवलं, केबिनमध्ये नाही, डेकवर, शेजाऱ्यांची दया येऊन. सांतोन्याच्या अँचोव्हीचे डबे मात्र चालतात, मासे खाणाऱ्यांनी भरपूर घ्या.

भारतीय पासपोर्टवाल्यांनो, ब्रिटनचं रेसिडेन्स असलं तरी शेंगेन व्हिसा लागतोच, आणि त्याची शेवटची तारीख फेरीच्या तारखेला चिकटवून घेऊ नका, वादळामुळे बोट पुढे ढकलली तर पंचाईत. आणि पोर्ट्समथला उतरल्यावर पहिल्याच राउंडअबाउटला शेजारी बसलेल्याने 'डावीकडून, डावीकडून' असं मोठ्याने ओरडायचं, हे आधीच ठरवून ठेवा.