गायमुखचा चढ आणि माझी क्लचप्लेट

परवा ठाण्याच्या घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर पाऊण तास अडकलो आणि जळकट वास यायला लागला, मला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल म्हणून काचा वर केल्या, तरी वास आहेच! आपलीच क्लचप्लेट, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, जळत होती. चढावर ब्रेक सोडून हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच दाबून, गाडी धरून ठेवायची माझी जुनी खोड, दुसरं काय. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, चौथ्या गिअरला अ‍ॅक्सिलरेटर दाबा, आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, पळतो आणि स्पीड वाढत नाही ना? मग प्लेट गेली." गिअरबॉक्स उतरवून प्लेट हातात दिली, पार रिव्हेटपर्यंत घासलेली. आता चढाला हँडब्रेक ओढून न्यूट्रल करतो, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की मगच हलतो. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू दे.