भिंतीवरचा लाल आकडा
आज अंबड एमआयडीसीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर डॅशबोर्ड लागला. महिनाभर खपून वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये आणि तिथून पॉवर बीआय या आलेख-रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आणल्या होत्या. मशीनची उपलब्धता ९० टक्के, वेग ९०, क्वालिटी ९०. तिन्ही हिरवे. बाबा खूश! मग खाली ओईई, म्हणजे मशीनची एकूण परिणामकारकता सांगणारा आकडा दिसला, ७३. "हा लाल का रे?"

ओईई ही सरासरी नाही, तिन्हींचा गुणाकार आहे. जपानच्या सेईची नाकाजिमांनी मांडलेलं हे माप. कागदावर करून दाखवलं: ०.९ × ०.९ × ०.९ = ०.७२९. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले.

मग मशीन का थांबतं त्याची कारणं मोठ्यापासून लहानापर्यंत खांबांत दाखवणारा पॅरेटो चार्ट उघडला. सगळ्यात उंच खांब ब्रेकडाउनचा असणार अशी माझी खात्री होती. निघाला सेटअपचा, जॉब बदलतानाचा. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर काका शांतपणे म्हणाले, "दादा, टूल आणायला दरवेळी स्टोअरपर्यंत जावं लागतं. मी दोन वर्षं सांगतोय."

फार लागलं मनाला. काकांची माफी मागितली. उद्या पहिल्या शिफ्टच्या आधी टूलची ट्रॉली सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या) मशीनशेजारी लावतोय. कुठलं टूल कुठल्या कप्प्यात, ते काकाच ठरवणार आहेत.